ओवाळणीत आलेली मशीन

हे खरं आहे.

ज्यांना पुरावा लागतो त्यांनी इथंच थांबावं, कारण पुरावा माझ्याकडं नाही. जे घडलं ते माझ्या अंगावर घडलं, एवढंच सांगू शकते.

आणि आधीच सांगून ठेवते, यात मध्यरात्र नाही. पिंपळ नाही, स्मशान नाही. जे झालं ते सगळं भर दुपारी झालं, जेवणं उरकून गाव आडवं झालेलं असताना, आमच्या तामसीच्या घरात. तामसी म्हणजे आदिलाबाद जिल्हा. तेव्हा आंध्र प्रदेश होता. साल १९९७, दिवस भाऊबीजेचा.

माझं नाव रुख्मिणी. मी लग्नपत्रिका लिहून द्यायचे. आमच्याकडची मराठी माणसं पत्रिका मराठीतच काढतात, आणि आदिलाबादच्या छापखान्यातला माणूस तेलुगू झपाझप जुळवायचा, पण मराठी मजकूर समोर आला की त्याला घाम फुटायचा. म्हणून लोक माझ्याकडं यायचे. मी आदिलाबादला क्लास लावून कॉम्प्युटर शिकले होते. फक्त कॉम्प्युटर तेवढा नव्हता!

हे माझ्या भावाला, उद्धवला, माहीत होतं. तो माझ्याहून धाकटा. आदिलाबादला एका जिनिंग मिलमध्ये कारकून. बायको प्रयाग, आणि तीन वर्षांची चिमी.

त्या भाऊबीजेला मी दोन महिन्यांची गरोदर होते.

ही गोष्ट उद्धवला माहीत नव्हती. घराबाहेर कोणालाच नव्हती. याआधी दोनदा राहिलं होतं आणि दोन्ही वेळा गेलं होतं. म्हणून सासूबाईंनी, जयवंताबाईंनी, बजावून ठेवलं होतं, "पाचवा लागल्याबिगर कोनाले सांगाचं नाही रुख्मा. माहेरी बी नाही. दृष्ट लागते." आमच्याकडं ही रीतच आहे. मी मुकाट्यानं पाळली.

उद्धवला पाटावर बसवलं. टिळा लावला, ओवाळलं. दरवर्षी तो ताटात एखादं पातळ टाकायचा. त्या वर्षी त्यानं मांडीवरची काळी, जड बॅग उचलली. पाटाशेजारी ठेवायला गेला आणि...

थांबला.

"खाली नाही ठेवत अक्का. तू हातात घे."

"अरे, हातात ताट हाय माया."

"ताट ठेव. दोन्ही हातानं घे. ओवाळणी हाय म्हणून घे."

मी हसले. केवढा मान देतोय बहिणीला, असं वाटलं. दोन्ही हातांनी घेतली, वर कपाळाला लावली.

लॅपटॉप होता. विटेसारखा जाड, झाकणाच्या कोपऱ्याला चीर गेलेली. पण लॅपटॉप! आमच्या अख्ख्या मंडलात, म्हणजे तुमच्या तालुक्यात, कोणी पाहिला नव्हता. मी तिथंच रडायला लागले.

"कुठून आणली रे?"

"मिलमधली जुनी हाय. फेकून देऊन राह्यले होते." त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. "त्यातली सिस्टीम म्हातारी झाली अक्का. पन मी चालवतो तिले. तू फक्त रोज एकदा चालू करत जाय. बंद पडू देऊ नको."

त्या वेळी पोटातली गोष्ट माझ्या ओठांवर आली होती. इतका जीव लावणाऱ्या भावापासून काय लपवायचं? पण सासूबाई चुलीपासून बघत होत्या. मी गप्प बसले.

त्यानंतर उद्धव दर रविवारी यायला लागला.

माझ्या लग्नानंतर हा भाऊ सणाशिवाय कधी फिरकला नव्हता. आता सकाळच्या बसनं यायचा, दुपारपर्यंत मशीनपुढं बसायचा, जेवून परत जायचा. मी त्याच्यासाठी पुरण घालायचे. शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "आमचा उद्धव येऊन राह्यला बरं!" आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

तो मशीनची सेवा करायचा, दुसरा शब्द नाही. मी शेजारी बसून शिकायचे. नको ते प्रोग्राम काढून टाकायचा. सुरू होताना जे जे आपोआप उघडायचं ते बंद करायचा. रंग कमी केले. आवाज सगळे काढून टाकले, तेवढंच ओझं हलकं. "नवीन काही टाकाचं नाही," तो सांगायचा. "म्हाताऱ्या मानसाले जसं हलकं खाऊ घालतो, तसं. मंग जुनी सिस्टीम बी वर्षानुवर्षं चालते."

शेवटी तो डिस्क आवरायला लावायचा. पडद्यावर छोटे छोटे चौकोन यायचे, आणि इकडचा चौकोन तिकडं, तिकडचा इकडं, असं करत सगळं एका ओळीत लागायचं. मला ते बघायला फार आवडायचं.

पण त्यात एक चौकोन हलायचा नाही.

"तो काऊन नाही सरकत?"

"तो सिस्टीमचा असते. त्याले हात नाही लावत," उद्धव म्हणाला.

मला पटलं. पण पुढच्या रविवारी तो चौकोन वेगळ्याच जागी होता. हलत नव्हता... पण जागा बदलून बसला होता.

उद्धवनं तो पाहिला. त्यानं कपाळावरचा घाम पुसला. कार्तिकातल्या थंडीत.

मग बाकीचं सुरू झालं.

आधी जागा. उद्धव रविवारी डिस्क अर्धी रिकामी करून जायचा. सोमवारी मी एकच पत्रिका जुळवायचे, आणि मंगळवारी मशीन सांगायची, जागा नाही. मी एकेक फाईल उघडून बघायचे. माझ्या पत्रिकांशिवाय काहीच नसायचं.

मग ते दुपारचं.

आमचे हे, म्हणजे केशवराव, दुकानात. सासूबाई ओसरीत झोपलेल्या. मी मशीन बंद केली, झाकण लावलं आणि मधल्या खोलीत पडले. डोळा लागत होता आणि...

टक.

एक कळ दाबल्याचा आवाज. मग शांतता.

टक.

मी टाईपिंग शिकलेली बाई आहे. बोटं मला आवाजावरून कळतात. हे टाईप करणं नव्हतं. कोणीतरी दुसऱ्याचं बोट धरून एकेक कळ दाबायला लावत होतं. लहान पोराला शिकवतात तसं.

मी उठून गेले. झाकण लावलेलं होतं. वायर काढलेली होती.

झाकणावर हात ठेवला. गरम होतं.

मी केशवरावांना सांगितलं. ते म्हणाले, "उंदीर असंन." उंदीर! आमच्या ह्यांच्या मते जगातल्या प्रत्येक आवाजाला उंदीर जबाबदार असतो.

दुसऱ्या दिवशी एका पत्रिकेत नवरदेवाच्या नावाच्या जागी एकच अक्षर ओळभर उमटलेलं होतं, लहान पोरानं कळ दाबून धरल्यासारखं. घरात लहान मूल नव्हतं. गेल्या कित्येक वर्षांत नव्हतं. मी ते पुसलं, परत नाव लिहिलं आणि काम पुढं नेलं. लग्नसराई होती, घाबरायला सवड नव्हती.

पौष लागला, आणि पोटात पहिल्यांदा हाललं.

मी मशीनपुढंच बसले होते. मला इतका आनंद झाला की कळांवरचे हात तसेच राहिले. याआधी दोन्ही वेळा इथपर्यंत पोचलेच नव्हते मी.

रोज हालायला लागलं. मी मोजायचे नाही, फक्त हात ठेवून बसायचे. आणि हळूहळू एक गोष्ट लक्षात आली.

मशीन चालू असली की हालायचं.

बंद केली की... नाही.

स्वयंपाक करताना नाही. अंथरुणावर पडल्यावर नाही. झाकण उघडून बटण दाबलं, आतली डिस्क करकरायला लागली, की पोटात लगेच कोणीतरी जागं व्हायचं. मी मनाला समजावलं, बसल्यामुळं असेल. पण देवापुढं पोथी घेऊन तेवढाच वेळ बसून पाहिलं. काहीच हाललं नाही.

संक्रांतीला उद्धव बायको आणि लेकीला घेऊन आला. भाऊबीजेनंतर चिमी पहिल्यांदाच आमच्याकडं येत होती. प्रयाग वाणाचं ताट घेऊन सासूबाईंपाशी बसली. मी तिळगूळ आणायला आत गेले आणि चिमी माझ्या मागं आली.

मधल्या खोलीच्या दारात ती थांबली. मशीन कोपऱ्यात होती, बंद. चिमीनं तिकडं पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"भगवानकाका! तुमी इथं आले?"

मी मागं वळले. खोलीत कोणी नव्हतं.

चिमी मशीनच्या वरती बघत होती. बसलेल्या माणसाचा चेहरा जिथं येईल, तिथं. मान डोलावत होती. काहीतरी ऐकून घेतल्यासारखी.

"चिमे, कोन हाय गं तिथं?"

"काका. म्हंते, आता तू मोठी झाली." ती माझ्याकडं वळली. तिनं माझ्या पोटाकडं बोट केलं. "म्हंते, आता ते लहान हाय."

माझ्या हातातली वाटी खाली पडली. आवाजानं प्रयाग धावत आली. तिनं मशीन पाहिली, चिमी पाहिली, आणि पोरीला उचलून थेट अंगणात नेलं. माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

मी उद्धवला आत बोलावलं.

"भगवानकाका कोन?"

तो उभाच होता.

"भगवानराव. आमच्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहाचे. मिलचे हिशेब पाहाचे. पुढं-मागं कोनी नव्हतं त्याईले. चिमीवर लई जीव. मांडीवर घेऊन बसाचे, तिचं बोट धरून कळा दाबाले शिकवाचे."

"आता कुठं हायेत?"

"गेले. उन्हाळ्यात. दुपारी. ह्याच मशीनीपुढं बसल्या बसल्या."

मी मशीनपासून दोन पावलं मागं सरले.

"त्याईच्या मागं मशीन मी घरी आनली. मंग चिमी रोज मशीनीसंग बोलाले लागली. जेवनखान सुटलं तिचं. रोडावली. मी एका जाणत्याकडं गेलो. तो म्हणे, मशीन चालू हाय तोवर मेलेला मानूस तिच्यात बसून राहीन. मशीन मेली का जवळच्या लेकराले धरन. फेकू नको म्हणे, जाळू नको. त्याले चिमीपासून सोडवाचं तर रक्ताच्या मानसानं आपल्या हातानं घेतली पाहिजे. ओवाळून."

ताट ठेव. दोन्ही हातानं घे. मला सगळं कळलं. पुरणपोळ्या कळल्या, रविवार कळले. तो माझ्यासाठी येत नव्हता. एकदाही आला नव्हता.

"आनि मलेच काऊन देल्ली रे उद्धव? मी सख्खी बहीण ना तुयी?"

तो खाली बघत म्हणाला, "अक्का... तुया घरी कोनी लहान नव्हतं."

बाहेरच्या कोणी वांझ म्हटलं असतं तर मी त्याचं तोंड फोडलं असतं. भावाला काय म्हणायचं? त्यानं माझ्या रिकाम्या घराचा हिशेब केला होता आणि त्यात भूत बसवलं होतं. टिळा माझ्या हातचा लावून घेऊन.

मी पदर बाजूला केला. "पाचवा लागते मले आता."

उद्धव मटकन खाली बसला. तोंडावर हात घेतला. रडला. खरंच रडला, ते खोटं नव्हतं.

मी वाट पाहत होते. एकच वाक्य हवं होतं मला. "मी परत नेतो." एवढंच म्हणायचं होतं त्यानं. मी नेऊ दिली असती की नाही, देव जाणे. पण त्यानं म्हणायला हवं होतं.

त्यानं डोळे पुसले. दारातून अंगणाकडं पाहिलं. तिथं चिमी प्रयागच्या कडेवर तिळाचा लाडू खात होती. मग तो म्हणाला,

"रविवारी येतो अक्का. सिस्टीम लई भरली असंन. पाहा लागन."

मी त्याला हाकलून दिलं. या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवू नको म्हणून सांगितलं. वाण, तिळगूळ, सगळं तसंच राहिलं.

केशवरावांनी त्याच दुपारी मशीन चादरीत गुंडाळली आणि माळ्यावर सरकीच्या पोत्यांमागं टाकली. या वेळी उंदराचं नाव काढलं नाही.

आणि पोटात... सगळं थांबलं.

एक दिवस गेला. दुसरा गेला. सासूबाई पोटाला तेल लावायच्या, कान लावायच्या. आदिलाबादला दवाखान्यात नेलं. नर्सबाई बराच वेळ नळी सरकवत राहिली आणि म्हणाली, ठोके आहेत, पण फार मंद. आराम करा.

मी आराम केला नाही. घरी आले, शिडी लावली आणि माळ्यावर चढले. त्या अवस्थेत. केशवराव खालून ओरडत होते. मी मशीन काढली, वायर लावली, बटण दाबलं.

काळा पडदा.

परत दाबलं. डिस्क एकदा करकरली आणि थांबली. मशीन अडली तर सुरू करायला उद्धवनं करून ठेवलेली फ्लॉपी माझ्याकडं होती. ती घातली. घाईत दोनदा उलटी घातली. "चाल ना गं माय," मी मशीनला म्हणत होते. ज्या वस्तूला आग लावायची, तिच्या पाया पडत होते.

पडदा उजळला. डिस्क फिरायला लागली.

आणि पोटात अशी लाथ बसली की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्यानंतर ती मशीन मी जगवली. भावानं नाही, मी. जे त्याचं बघून शिकले होते ते सगळं केलं. माझ्या सगळ्या पत्रिका पुसून टाकल्या, काम बंद केलं, सिस्टीम पार हलकी केली. रोज दुपारी चौकोन ओळीनं लावायला घालायचे आणि पोटावर हात ठेवून बसायचे. तो एक चौकोन हलायचा नाही. मी त्याला हात लावला नाही. तोही मला काही करत नव्हता. कधी कधी वाटायचं, माझ्या खांद्यामागून कोणीतरी वाकून बघतंय. मी वळायचे नाही.

मे महिन्यात पडदा अधूनमधून विझायला लागला. एवढे दिवस काढ, एवढेच दिवस, असं मी म्हणायचे. हे कोणाला म्हणत होते, ते विचारू नका.

जूनमध्ये आदिलाबादच्या दवाखान्यात मुलगी झाली. दुपारची वेळ होती. धडधाकट, रडून दवाखाना डोक्यावर घेणारी. मी घरी आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, मशीन बंद पडली. केशवराव दवाखान्यात होते, म्हणून मी सांगून ठेवल्याप्रमाणं त्याच चालू करून बसल्या होत्या. मुलगी झाली त्याच दुपारी एकदा जोरात करकरली आणि विझली. मी नंतर फ्लॉपी घालून पाहिली, सगळं करून पाहिलं. आतली डिस्क फिरलीच नाही. केशवरावांनी ती गावाबाहेर खड्डा करून पुरली.

मुलगी अडीच महिन्यांची असताना उद्धव आला. न बोलावता. सोबत एक झबलं होतं. दारातच उभा राहिला. मी त्याला आत ये म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही.

तो पाळण्यापाशी आला. पण पाळण्यात बघायच्या आधी त्याची नजर कोपऱ्यात गेली.

"अक्का... मशीन?"

"बंद पडली. पोरगी झाली त्या दिशीच."

त्याचा चेहरा पांढरा पडला. माझ्या मुलीच्या काळजीनं पडला, असं मला वाटलं होतं. क्षणभरच.

"मंग तो..." त्यानं हातातलं झबलं मुठीत धरलं. "चिमी तर चांगली हाय. जेवते, खेळते. घरी काही... घरी तर काही जाणवलं नाही."

"तुया घरी नाही आला तो," मी म्हणाले. "झालं समाधान?"

उद्धवनं श्वास सोडला. खांदे खाली आले. इतका हलका झालेला मी त्याला कधी पाहिला नव्हता, स्वतःच्या लग्नातही नाही.

माझी मुलगी पाळण्यात जागी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, त्याच्याकडंही नाही. आमच्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत बघत होती... आणि हसत होती. हुंकार देत होती. थांबत होती. परत हुंकार देत होती.

उद्धवनं ते पाहिलं. नीट पाहिलं. त्यानं झबलं पाळण्याच्या कडेवर ठेवलं, "येतो अक्का," म्हणाला आणि बस धरायला निघून गेला.

मग मशीनमधला तो गेला कुठं, हे उद्धवनं मला विचारलं नाही.

आज माझी मुलगी मोठी आहे. चिमीचं लग्न झालं, त्याचं बोलावणं आलं होतं. उद्धव वर्षा-दोन वर्षांनी कुठंतरी भेटतो, सगळ्यांची चौकशी करतो, माझ्या गुडघ्यांचीसुद्धा.

ते मात्र त्यानं अजून विचारलेलं नाही.